सगळे मिळते, पण सगळ्यांना आत येता येते का?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दौलताबादच्या अलीकडे, एका नव्या उपाहारगृहाच्या दर्शनी भागावर ‘सर्वसमावेशक कौटुंबिक उपाहारगृह’ अशी पिवळ्या अक्षरांतली भली मोठी पाटी आहे. मुद्रितशोधन आणि भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे ‘समावेशक’, ‘समावेशन’, ‘सर्वसमावेशक’ हे शब्द धोरणांच्या मसुद्यांत, शाळांच्या अहवालांत आणि बँकांच्या पत्रकांत मी असंख्य वेळा तपासले आहेत. परंतु जेथे भाकरी थापली जाते अशा जागेवर तो शब्द मी प्रथमच पाहिला आणि म्हणूनच तेथे दोनदा जेवले. पहिल्या वेळी माझ्यासोबत चाकांच्या खुर्चीवर वावरणारी माझी एकाहत्तर वर्षांची आत्या होती आणि जन्मापासून दृष्टिहीन असलेले एक जुने सहकारी होते, जे संगीत शिकवतात. दुसऱ्या वेळी आम्ही दोघीच गेलो. उपाहारगृहाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा लिहिल्या आहेत त्या या एकाच जागेच्या नाहीत, आणि येथील व्यवस्थापकाने निदान त्या ऐकून घेतल्या.

आधी दाराविषयी लिहिते, कारण जेवणापर्यंत पोहोचायला आम्हाला वीस मिनिटे लागली. पाटीच्या बरोबर खाली काळ्या ग्रॅनाइटच्या तीन पायऱ्या आहेत. त्या रुंद आणि देखण्या आहेत, दोन्ही बाजूंना तुळशीच्या कुंड्या आहेत, पण कठडा नाही आणि उतारही नाही. दोन वाढपी धावत आले आणि खुर्चीसकट आत्याला उचलण्याची त्यांनी तयारी दाखवली. त्यांच्या भावनेविषयी शंका नाही. मात्र उचलले जाण्याची तिची इच्छा आहे का, हे त्यांनी तिला विचारले नाही, मला विचारले. तिने नकार दिला तेव्हा त्यांच्यापैकी एकाला आठवले की मागच्या बाजूला एक उतार आहे. तो खरोखरच होता. गॅसच्या टाक्या आणि भाजीचा हातगाडा आत नेण्यासाठी सिमेंटचा जो ओबडधोबड चढ केलेला असतो, तसा तो होता आणि थेट स्वयंपाकघरात उघडत होता. “मी काय सिलिंडर हाय का गं, मागल्या दारानं आत घ्यायला?” असे आत्या म्हणाली आणि मग भूक लागली होती म्हणून त्याच चढावरून आत गेली.

येथे थोडे थांबून शब्दाकडे पाहायला हवे. ‘समावेश’ या शब्दात ‘विश्’ हा संस्कृत धातू आहे आणि त्याचा अर्थ आत शिरणे असा आहे. ‘प्रवेश’ त्याच धातूपासून आला, ‘निवेश’ही त्याच धातूपासून आला. ‘सम्’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागले की एकत्र आत येणे, सोबतीने शिरणे असा भाव तयार होतो. याउलट ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘समावेशकता’ हा प्रतिशब्द वापरतो, त्या ‘इन्क्लुसिव्हिटी’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ दार लावून घेणे असा आहे, ‘इन्क्लूड’ आणि ‘एक्सक्लूड’ ही एकाच मुळाची भावंडे असून एकात माणसाला आत ठेवून दार बंद होते, तर दुसऱ्यात बाहेर ठेवून. म्हणजे आपला शब्द मूळ शब्दापेक्षा उदार आहे, कारण त्यात दार उघडेच आहे. मला हे नेहमीच थोडे गमतीचे वाटत आले आहे की इतका सरळ चालता-बोलता अर्थ असलेला शब्द आपण कागदावर इतका जड करून ठेवला. बोलीत आपण ‘सामावून घेणे’ म्हणतो आणि तेथेही ‘घेणे’ या क्रियापदाने एक सूक्ष्म मालकी आणली आहे: घेणारा घरचा, आणि ज्याला घेतले तो पाहुणा. ‘सामील होणे’ या आपल्याकडच्या, उर्दूच्या सहवासातून रुळलेल्या प्रयोगात मात्र येणारा माणूस स्वतः कर्ता असतो. आत्याच्या बाबतीत पहिल्या दिवशी जे घडले ते फार तर सामावून घेणे होते.

स्वयंपाकघरातून गेल्याचा एक लाभ झाला, तो नोंदवला नाही तर अन्याय होईल. चुलीपाशी बसलेल्या दोन बायकांनी आत्याला पाहून जागा केली, कुठल्या गावची म्हणून विचारपूस केली, आणि तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी, तिच्यावर तेल आणि शेंगदाण्याची चटणी, तिच्या हातावर ठेवली. त्या दोघींना बाहेरच्या पाटीवरचा शब्द ठाऊक असेल असे वाटत नाही.

जेवणाविषयी माझे मत चांगले आहे. येसराची आमटी दाट आणि भाजल्या मसाल्याच्या खमंग वासाची होती. हल्ली अनेक ठिकाणी तिच्या नावाखाली लाल तर्रीचे पाणी वाढतात, तसे येथे नाही. वांग्याचे भरीत निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे होते. धपाट्यांत ज्वारीचे पीठ पुरेसे होते आणि सोबतचे दही आंबट नव्हते. ठेचा मात्र शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही ठसका लावील इतका तिखट होता. आमच्या सहकाऱ्यांनी नान-खलिया मागवला. नान आणि मांसाचा मसालेदार रस्सा असा हा या शहराचा खास पदार्थ आहे, आणि नान तंदुरातून आल्या आल्या ताटात पडला हे महत्त्वाचे, कारण गार नानाला काहीच अर्थ राहत नाही. एकाच पत्रकावर पुरणपोळी आणि खलिया शेजारी शेजारी आहेत, शाकाहारी आणि मांसाहारी रांधण्याची भांडी वेगळी आहेत, आणि कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांसाठी चार भाज्या वेगळ्या होतात. एवढ्यापुरता पाटीवरचा दावा खरा आहे.

पत्रकाचे शेवटचे पान वाचून मात्र मला हसू आवरले नाही. त्या पानाला ‘इन्क्लुझिव्ह मेन्यू’ असे नाव दिले आहे, आणि त्यावर ज्वारीची भाकरी ‘ग्लूटेनविरहित’ म्हणून चाळीस रुपयांना, तर आधीच्या पानावर तीच भाकरी पंचवीस रुपयांना आहे. ज्वारीत ग्लूटेन नसते हे खरे आहे आणि ज्यांना गव्हाचा त्रास होतो त्यांना ते सांगणे उपयोगाचेही आहे. पण तीच भाकरी, त्याच तव्यावरची, केवळ वेगळ्या पानावर गेल्यामुळे पंधरा रुपयांनी महाग का व्हावी, हे वाढप्याला सांगता आले नाही. समावेशाचे पान वेगळे काढले की तो समावेश कसला, हा प्रश्न तर वेगळाच. त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘दरांत कर समाविष्ट नाहीत’ असे छापले आहे. बिलात पाच टक्के वस्तू व सेवा कर वर लागतो, तो नियमाने आहे आणि त्याविषयी तक्रार नाही, परंतु ‘सर्वसमावेशक’ म्हणवणाऱ्या जागेत निदान कराचा तरी समावेश दरात करायला हरकत नव्हती.

आता ब्रेलपत्रकाविषयी. येथे ब्रेलमध्ये पदार्थांची यादी आहे, असे प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लिहिले आहे. आमच्या सहकाऱ्यांनी ती मागितली तेव्हा कळले की ती गल्ल्याच्या खणात, कुलपात असते, कारण हाताळून हाताळून टिंबे दबून जातात अशी भीती आहे. किल्ली आणायला माणूस गेला, यादी आली, आणि तिच्यावरून बोटे फिरवून ते म्हणाले की यादी इंग्रजीत आहे आणि तिच्यात दर नाहीत. भारतीय भाषांसाठी सहा टिंबांची भारती ब्रेल लिपी १९५१ पासून प्रमाण मानली गेली आहे, मराठी शाळांतील दृष्टिहीन मुले तीच शिकतात, तेव्हा येसराची आमटी आणि धपाटे रोमन वर्णांनुसार ब्रेलमध्ये छापण्याचे प्रयोजन काय होते ते समजत नाही. शेवटी जे उपयोगी पडले ते वेगळेच होते. आम्हाला वाढणारा विशीतला मुलगा खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला, थेट त्यांच्याशी बोलला, “सर, आज शेवग्याची भाजी चांगली झालीय, खलिया घेणार असाल तर थोडा वेळ लागंल” असे म्हणत त्याने दरांसकट सगळी यादी वाचून दाखवली, आणि ताट ठेवताना आमटीची वाटी कोणत्या बाजूला आहे तेही सांगितले. पायऱ्यांपाशी आत्याविषयी मला विचारणारे दोघे आणि हा मुलगा एकाच जागी नोकरी करतात. तेव्हा हे प्रशिक्षणाने आलेले नाही, हे उघड आहे.

‘कौटुंबिक’ या शब्दाविषयीही बोलायला हवे, कारण तो पाटीवर ‘सर्वसमावेशक’च्या अगदी शेजारी बसला आहे. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या हॉटेलांत ‘फॅमिली’ म्हणजे ज्या टेबलावर एक तरी बाई आहे ते टेबल, हे सर्वांना ठाऊक आहे. येथेही दारात “फॅमिली आहे का?” असे विचारून बायका असलेल्या लोकांना वरच्या मजल्यावरील वातानुकूलित कक्षात पाठवतात. आमच्या देखत दोन तरुणी आल्या, बहुधा एखाद्या महाविद्यालयातील असाव्यात. त्यांना खिडकीजवळची खालची जागा हवी होती, पण त्यांना वरच बसवण्यात आले. त्यांची सोय पाहिली जात होती असे वाढपी सांगेल, आणि काही बायकांना वेगळा कक्ष खरोखरच हवा असतो हेही मी नाकारत नाही. परंतु जागा निवडण्याची मुभा ज्याला आहे त्याच्या बाबतीत तो कक्ष ही सोय असते, ज्याला ती नाही त्याच्या बाबतीत नसते. आत्याला तर वर जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वर जायला लिफ्ट नाही. म्हणून आम्ही ‘फॅमिली’ असूनही खाली पुरुषांत बसलो आणि आभाळ कोसळले नाही.

स्वच्छतागृहाच्या दारावर चाकांच्या खुर्चीचे निळे चिन्ह आहे. आत रिकामे पाण्याचे जार, पोछ्याची बादली आणि मोडकी टेबले रचून ठेवली होती. याविषयी अधिक लिहीत नाही. असे दार ज्यांनी उघडून पाहिले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांना ते कधीच उघडावे लागलेले नाही त्यांनी एकदा उघडून पाहावे.

या रस्त्यावर ही पाटी लावताना पुढे दीड-दोन मैलांवर काय आहे याचा विचार मालकाने केला असेल की नाही, ठाऊक नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी प्रवेशद्वाराजवळच्या हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून त्यांच्यावर जमाव चालून आला. अखेर किल्ला पाहू दिला तो आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्या अटीवर नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत देऊन. प्रवेश मिळाला, पण पाणी मिळाले नाही. आमच्या जेवणात हा विषय सहकाऱ्यांनी काढला, आणि पुढे सोळा वर्षांनी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशाचा, तसेच विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापराचा वेगवेगळा आणि नाव घेऊन उल्लेख का करावा लागला, हे त्या हौदामुळे नीट समजते असे ते म्हणाले. मला ते पटले. त्या अनुच्छेदात ‘समावेशक’ हा शब्द नाही. तेथे दुकान आहे, हॉटेल आहे, विहीर आहे. धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही कारणे तेथे सांगितली आहेत. अपंगत्वाचे नाव मात्र त्या यादीत नाही. त्यासाठी १९९५ चा आणि पुढे २०१६ चा अधिनियम यावा लागला. २०१६ च्या अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि सेवा देणारी आस्थापना सरकारी असो वा खासगी, ती सुगम असली पाहिजे असे ठरवले. म्हणजे आत्याने मागितलेला उतार हा पाहुणचाराचा भाग नाही.

निघताना मी व्यवस्थापकाला भेटले आणि पाटीवरचा शब्द कोणत्या अर्थाने लिहिला आहे असे विचारले. ते मोकळेपणाने हसले. “मॅडम, सर्वसमावेशक म्हणजे आपल्याकडं सगळं भेटतं. व्हेज, नॉनव्हेज, चायनीज, साउथ, तंदूर. काहीच सुटलेलं नाही.”

हे ऐकेपर्यंत मी त्या पाटीला खोटे ठरवण्याच्या तयारीत होते, आणि ऐकल्यावर तो आरोप मला मागे घ्यावा लागला. त्यांचा अर्थ मराठीत चुकीचा नाही. वाहनाचा सर्वसमावेशक विमा म्हणतात तेव्हा त्यात सर्व धोके येतात, सर्व माणसे नव्हेत. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या कानावर हा शब्द सर्वांत ठळकपणे पडला तो २०२३ च्या खरिपात, एका रुपयात विमा देणाऱ्या ‘सर्वसमावेशक पीक विमा योजने’च्या नावात, आणि तेथेही पेरणीपासून काढणीनंतरपर्यंतची नाना संकटे एकत्र धरणे हाच आशय होता. दुसरीकडे, अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात वृत्तपत्रांत रूढ झालेला ‘सर्वसमावेशक विकास’ किंवा २०१४ च्या जनधन खात्यांबरोबर रुळलेले ‘वित्तीय समावेशन’ यांत माणसे मोजलेली असतात. एकाच शब्दाच्या छपराखाली वस्तूंची यादी आणि माणसांची यादी अशी दोन बिऱ्हाडे आहेत, आणि बोलताना आपण ती वेगळी ठेवतो: वस्तूंसाठी ‘सगळं’, माणसांसाठी ‘सगळे’. लिहिताना मात्र प्रमाण मराठीत दोन्ही ‘सगळे’च. पूर्वी नपुंसकलिंगी रूपावर अनुस्वार देऊन ‘सगळें’ लिहीत असत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो अनुच्चारित अनुस्वार गेला, आणि माझ्यासारख्यांचा पुष्कळ त्रास वाचला हेही खरे. पण ‘सगळे’ म्हणजे पदार्थ की गिऱ्हाईक, हे आता वाक्याच्या संदर्भावरूनच ओळखावे लागते, आणि पाटीला संदर्भ नसतो. व्यवस्थापकाने ती वस्तूंसाठी लावली, आम्ही ती माणसांसाठी वाचली, आणि ब्रेलपत्रक व निळे चिन्ह यांवरून असे दिसते की पाटी करणाऱ्याला किंवा मालकाला दोन्ही अर्थांचा फायदा हवा होता. आक्षेप घ्यायचा तर तो त्या दुहेरी फायद्यावर घ्यावा.

नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या लंगरात जेवलेल्या कोणालाही आठवेल की तेथे पंगतीत शेजारी कोण बसले आहे हे विचारण्याची पद्धत नाही, आणि ताट समोर येईपर्यंत कोणी नावगाव विचारत नाही. तेथे अन्न एकाच प्रकारचे असते आणि माणसे सगळ्या प्रकारची. आपल्या उपाहारगृहांत नेमके उलटे करण्याची रीत पडत चालली आहे.

सहा-सात आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. व्यवस्थापकाने आम्हाला ओळखले आणि अभिमानाने एक लोखंडी फळी दाखवली, जी वाळूजच्या एका वेल्डरकडून करून घेऊन समोरच्या पायऱ्यांवर टेकवायची सोय केली आहे. फळी भक्कम आहे, दोन्ही कडांना पट्ट्या आहेत, पण लांबी अवघी अडीच मीटर आहे. तीन पायऱ्यांची एकूण उंची पंचेचाळीस सेंटिमीटर भरते, आणि एकास बारा (उंचीच्या बारापट लांबी) या मान्य प्रमाणाने उतार करायचा तर तो पाच मीटर चाळीस सेंटिमीटर लांब हवा. अडीच मीटरच्या फळीवरून मागून कोणी तरी जोर लावल्याशिवाय खुर्ची चढत नाही आणि उतरताना धाक वाटतो. समोर दोन मोटारी उभ्या राहतील एवढी मोकळी जागा आहे, तेव्हा लांबीची अडचण नाही. तरीही आत्या त्या दिवशी पुढच्या दाराने आत गेली. स्वच्छतागृह रिकामे झाले होते, आतली कडीही बसवली होती. ब्रेलपत्रक खणातून निघून गल्ल्यावर आले आहे, मात्र अजून इंग्रजीतच आहे. खिडकीजवळच्या खालच्या टेबलावर तीन बायका निवांत जेवत होत्या. नियम बदलला की त्यांनी ऐकले नाही, हे मी विचारले नाही. भाकरीचे दोन दर कायम आहेत.

बिल देताना व्यवस्थापकाने विचारले, “मग मॅडम, पाटीवर काय लिहू?” मी अर्थांची फोड करू लागले होते, तेवढ्यात आत्या म्हणाली, “दुसरं काय बी लिहू नको. पायऱ्या किती हायेत तेवढं लिही, म्हंजे माणसाला घरूनच ठरवता येतं.”

तेव्हा तिच्या सांगण्याप्रमाणे येथे देते. समोर तीन पायऱ्या आहेत, प्रत्येक पंधरा सेंटिमीटरची, आणि फळी मागावी लागते. मुख्य दाराची एक झडप बंद असते; दोन्ही उघडायला सांगितल्या तर खुर्ची सहज जाते. खालच्या मजल्यावर दहा टेबले आहेत, त्यांपैकी भिंतीलगतच्या चार टेबलांच्या खुर्च्या जमिनीत पक्क्या बसवल्या आहेत, म्हणून चाकांची खुर्ची असल्यास मधले टेबल सांगून ठेवावे. वरच्या कक्षाला जिनाच आहे. रविवारी वेरूळचे पर्यटक असल्यामुळे दुपारी एकनंतर गर्दी आणि गोंगाट फार असतो, आणि ज्यांना ऐकायला कमी येते त्यांना तेव्हा संभाषण अशक्य होईल. मधल्या वारी साडेअकराला जावे. दोघींच्या जेवणाचे करासह पाचशे चाळीस रुपये झाले. नान-खलिया संध्याकाळी लवकर संपतो. ठेचा कमी तिखट हवा असेल तर आधी सांगावे, वेगळा वाटून देतात.